डिटेक्टर घेतला, आता रान कुठलं? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या वेळी जुन्या लढायांच्या जागांबद्दल लिहिलं आणि प्रश्नांचा पाऊस पडला. निम्मे प्रश्न "सोनं कुठंय" याच अर्थाचे होते, ते बाजूला ठेवले (एक मुद्दाम ठेवलाय, शेवटी बघा). बाकीच्यांतले काही घेतो.

"सर, मी जाफराबादकडचा. ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवलाय. मामाचं रान असईजवळ आहे. नेमकं कुठं फिरवू?"

भाऊ, मशीन आधी आणि अभ्यास नंतर असं सगळेच करतात, मीही केलेलं. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ची. एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, जो पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. आता जागा कशी शोधायची ते त्या वेलस्लीकडूनच शिका. केळणा नदी ओलांडायची होती आणि वाटाडे म्हणायले इथं उतार, म्हणजे नदी पार करायची उथळ जागा, नाहीच. त्यानं बघितलं की अलीकडं पिंपळगाव आणि बरोबर समोर पलीकडं वरूड, आणि म्हणाला दोन गावं अशी समोरासमोर वसलीत म्हणजे माणसं ये-जा करतच असणार, मधे उतार असायलाच पाहिजे. निघाला की उतार! तुम्हीपण हेच करायचं. नकाशात लढाईची खूण कुठंय ते सोडा, त्या दिवशी माणसं, बैल, तोफांचे गाडे कुठून जाऊ शकत होते ते बघा. जुना उतार, जुनी गाडीवाट, बारमाही पाण्याची विहीर, उंचवटा.

असईत केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात सगळा खेळ झाला. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा कमांडर पोलमन म्हणून एक जर्मन होता, त्यानं फौजेचं तोंड फिरवून नवी फळी लावली, तिचं एक टोक केळणेला आणि दुसरं असई गावाला. इंग्रजांची ७४वी हायलँडर पलटण चुकून गावाच्या अंगाला सरकली आणि तोफांच्या तोंडी सापडून जवळजवळ संपली. म्हणजे शिसं आणि लोखंड जास्त कुठं पडलं असणार ते तुम्हीच सांगा, गावासमोरच्या बेचक्यातल्या रानात. पण एक लक्षात ठेवा, शंभरेक तोफा होत्या शिंद्यांकडं आणि बहुतेक सगळ्या इंग्रजांनी नेल्या, त्यामुळं तोफ सापडेल या आशेवर जाऊ नका. सापडली तर शिशाची गोळी सापडेल, सुपारीएवढी, वरून पांढुरकी पडलेली.

आणि ती गोळी उचलायच्या आधी थांबा. गोळी जिथं पडलीय तीच खरी माहिती आहे. बंदुकीचा नेम शंभरेक मीटरच्या पुढं धड लागायचाच नाही त्या काळात. चपटी झालेली गोळी म्हणजे कशावर तरी आदळलेली, गोल गरगरीत असेल तर बहुतेक भरताना हातातून पडलेली, म्हणजे तिथं शिपाई उभा होता. अशा पन्नास गोळ्यांच्या जागा मोबाइलच्या जीपीएसवर टाकल्या तर फळी कुठून कुठं होती ते दिसायला लागतं, आणि त्याच पन्नास गोळ्या बरणीत भरून आणल्या तर ते नुसतं भंगार. इंग्लंडात बॉसवर्थची १४८५ची लढाई लोक शतकानुशतकं एका टेकडीवर दाखवायचे, डिटेक्टर लावून तोफेच्या-बंदुकीच्या गोळ्या नकाशावर मांडल्या तेव्हा खरं रान तिथून तीनेक किलोमीटरवर निघालं. हे खिशात घालून नेलेल्या गोळ्यांनी झालं नसतं.

मामाची परवानगी घ्या, तोंडी नको, दोन ओळी लिहून घ्या. आणि फक्त वरवर बघा, खोदू नका. खोदायचा परवाना वेगळा लागतो आणि तो विद्यापीठांना, संस्थांना मिळतो, तुम्हाआम्हाला नाही.

"वैजापूर तालुक्यातून लिहितोय. आमच्या पालखेडला बाजीरावांनी निजामाला हरवलं, मग तिथं तर भरपूर सापडायला पाहिजे ना?"

नाही. पालखेडचा विजय १७२८चा, आणि त्याची मजाच ही आहे की मोठी समोरासमोर लढाई फारशी झालीच नाही. बाजीरावांनी निजामाला पळवत पळवत अशा जागी आणला की रसद नाही, पाणी नाही, आणि त्यानं तह केला, मुंगी-शेवगावचा. जिथं गोळ्या कमी उडाल्या तिथं गोळ्या कमीच सापडणार ना राव. तरी शोधायचंच असेल तर छावणी कुठं पडली असेल ते बघा. फौज लढते काही तास पण एका जागी राहते कित्येक दिवस, आणि हरवलेला नाल, तुटलेली बकल, पडलेला पैसा हे सगळं छावणीतच असतं.

"मशीन सारखं बीप करतं. काहीच नसतं खाली. कंपनी फसवायली का?"

कंपनी फसवायली नाही, जमीन फसवायलीय. आपला दगड म्हणजे काळा बेसाल्ट, त्यात लोहाचं खनिज असतं, त्याचीच आपली काळी माती झालेली. साधं स्वस्तातलं मशीन त्यालाच धातू समजतं. ग्राउंड बॅलन्सचं, म्हणजे जमिनीतल्या खनिजाकडं दुर्लक्ष करायचं, सेटिंग असलेलं मशीन घ्या, आणि प्रत्येक रानात गेल्यावर नव्यानं बॅलन्स करा. सेन्सिटिव्हिटी खाली आणा, लोकांना वाटतं फुल्ल ठेवली की खोल जातं, उलट गोंधळ वाढतो. साध्या मशीनला नाणं वीतभर खोलीपर्यंत कळलं तरी लई झालं, "वीस फूट खोल" वगैरे जाहिराती सोडून द्या.

उरलेले बीप म्हणजे बाटलीची बुचं, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, ट्रॅक्टरचे बोल्ट आणि मोडलेला फाळ. पहिल्या दिवशी मला सात खिळे आणि एक विळ्याचं पातं मिळालं, बायको म्हणाली चला, निदान विळा तरी मिळाला.

अजून एक, काळ्या रानात "जितकं खोल तितकं जुनं" हा हिशेब चालत नाही. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, वरची वस्तू भेगेत जाते, पावसात माती फुगून भेग मिटते. त्यामुळं परवाचं दहाचं नाणं खाली आणि दोनशे वर्षांची शिवराई (तांब्याचं जुनं नाणं) वर असं होऊ शकतं. बघायला सगळ्यात चांगला वेळ म्हणजे नांगरट झालेली आहे आणि पहिले दोन-तीन पाऊस पडून गेलेत. माती धुतली जाते, वस्तू वर दिसतात, मशीनपण लागत नाही. मालकाच्या पेरणीच्या आधी जा म्हणजे झालं.

"मी गेवराई तालुक्यात शिक्षिका आहे. राक्षसभुवनला मुलांना घेऊन असं काही करता येईल का?"

ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. राक्षसभुवनची लढाई १० ऑगस्ट १७६३ची, ऐन पावसाळा, गोदावरीला पाणी, आणि निजामाची निम्मी फौज पलीकडं उतरून गेलेली असताना माधवराव पेशव्यांच्या फौजेनं अलीकडच्या निम्म्यांना गाठलं. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथंच मारला गेला. मुलांना घाटावर उभं करून हे सांगा, नदीला पाणी असेल तर अजून चांगलं, पोरांना आपोआप कळतं की मागं नदी म्हणजे काय.

डिटेक्टर मात्र नेऊ नका. नदीकाठ गाळाचा आहे, पात्र सरकतं, आणि वाळूउपशानं तर सगळं उलथंपालथं करून टाकलंय, जे असेल ते कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमधे गेलेलं. त्यापेक्षा मुलांकडून शेतांची नावं गोळा करा. प्रत्येक गावात रानाला नाव असतं, तोफेचा माळ, छावणीची पट्टी असलं काहीतरी, ते सातबाऱ्यावर नसतं, आज्यालाच माहीत असतं. आजा गेला की नाव गेलं. वह्या भरून घ्या.

"नळदुर्गजवळ शेत आहे. विहिरीच्या कामात जुनी काडतुसं आणि एक लोखंडी नळकांडं निघालंय, शेपटीला पाती आहेत. ठेवू का?"

हात लावू नका! आत्ता वाचता वाचता उठा आणि पोरांना तिथून लांब करा. पाती असलेलं नळकांडं म्हणजे उखळी तोफेचा, मॉर्टरचा गोळा असू शकतो. १३ सप्टेंबर १९४८ला निजामाच्या हैदराबादवरच्या पोलीस ॲक्शनची पहिली झटापट तुमच्याच नळदुर्गला झाली, सोलापूरकडून फौज आली होती, बोरी नदीचा पूल शाबूत ताब्यात घेतला होता. न फुटलेला गोळा पंच्याहत्तर वर्षांनीही फुटू शकतो, गंजल्यानं तो मेला असं होत नाही, उलट जास्त बेभरवशाचा होतो. पाणी ओतायचं नाही, घासायचं नाही, ट्रॅक्टर जवळ न्यायचा नाही. जागेवर लांबून खूण करा, पोलीस पाटलांना सांगा, ११२ला फोन करा, बॉम्बशोधक पथक येईल. काडतुसंपण सांगून टाका, जिवंत काडतूस परवान्याशिवाय घरात ठेवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आजोबांच्या काळातलं आहे असं सांगून सुटका होत नाही.

"आमच्याकडं एकजण पायाळू आहे, त्याला गढीत हंडा दिसतो. मशीनपण आणलंय दोन लाखांचं, दोन किलोमीटरवरचं सोनं सांगतं."

हाच तो प्रश्न. दोन किलोमीटरवरून सोनं सांगणारं मशीन नसतं. असल्याच अँटेना लावलेल्या काड्या "बॉम्बशोधक" म्हणून इराकला विकल्या गेल्या होत्या, विकणाऱ्याला ब्रिटनच्या कोर्टानं २०१३ला दहा वर्षं ठोकली. पायाळूचं (पायाकडून जन्मलेल्याला गुप्तधन दिसतं म्हणतात, त्याचं) म्हणाल तर गुप्तधनापायी अघोरी काही करायला लागलात की २०१३चाच आपला जादूटोणाविरोधी कायदा लागतो, आणि ह्या नादात काय काय झालेलं आहे ते पेपरात तुम्ही वाचता.

आणि समजा खरंच हंडा लागला. १८७८चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. जमिनीत सापडलेली वस्तू दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची असेल (हो दहाच, १८७८चे) तर काय सापडलं, कुठं, कधी, अंदाजे किती किमतीचं हे कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. लपवलं तर वर्षापर्यंत कैद. कळवलं आणि कुणी मालक निघाला नाही तर सापडवणाऱ्याला वाटा मिळतो, सरकारनं घेतलं तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देतं. म्हणजे सरळ वाटेनं पैसेपण मिळतात, पण सरळ वाटेला पायाळू लागत नाही ना.

गढी कुठली ते तुम्ही लिहिलं नाही. ती संरक्षित असेल तर खोदणं तर सोडाच, मशीन घेऊन आत शिरलात तरी चौकीदार बसवून ठेवील, आणि मी त्याच्याच बाजूनं असेन.