वडील गेले. साडेतीन वर्षांच्या मुलीला तिचे आजोबा आठवतील का?

तुमचे वडील जाऊन दोन महिने झालेत, लेक साडेतीन वर्षांची आहे आणि दिवसभर आजोबांच्याच मागे असायची. मोठेपणी तिला ते आठवतील का, त्यासाठी आत्ता काय करावं आणि तिच्यासमोर रडलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

तिचं तिला फार थोडं आठवेल. बहुतेकांची सगळ्यात जुनी आठवण तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या आसपासची असते; त्याआधीचं जवळजवळ सगळं पुसलं जातं. पण ज्या घरात "तेव्हा काय झालं होतं गं? मग आजोबा काय म्हणाले?" असं मुलांशी सारखं बोललं जातं, तिथल्या मुलांच्या आठवणी जास्त टिकतात. म्हणून बोलायला आत्ताच लागा.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गेले तेव्हा माझा मुलगा साधारण याच वयाचा होता. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, फार प्रेमळ माणूस, घरासाठी झिजला. अगदी खरं होतं ते. पण एवढ्याशा पोराने त्या 'प्रेमळ'चं करायचं काय? त्याला आजोबा काय करायचे ते हवं असतं. दादांच्या खिशात एक छोटी डायरी असायची. घरातल्या प्रत्येकाचा रक्तगट, चष्म्याचा नंबर, चपलेचा नंबर, परीक्षांच्या तारखा, सगळं बारीक अक्षरात. नातवाच्या चपलेचा नंबर दर काही महिन्यांनी खोडून खाली नवा लिहिलेला: ५, ६, ७. सातच्या पुढे पान कोरं आहे. ते पान मी मुलाला कितीदा दाखवलं असेल! आणि तो काही सांगायला लागला, की दादा गुडघे दुखत असतानाही जमिनीवर बसायचे, त्याच्या डोळ्यांसमोर डोळे येतील असे. ती बैठक आज माझा मुलगा हुबेहूब करून दाखवतो. त्याने ती पाहिलेली आठवते की माझ्याकडून ऐकलेली, ते त्यालाही सांगता येत नाही. मला त्याचं काही वाटत नाही. आजोबा त्याच्यापर्यंत पोचले ना!

घरच्या गोष्टी सांगण्याचा उपयोग आठवणींपुरताच नाही. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना घराण्याबद्दल २० प्रश्न विचारले होते: आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडिलांची भेट कशी झाली, असे. ज्यांना जास्त उत्तरं येत होती, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त दिसला. तेव्हा आजोबांच्या अडचणीच्या काळातल्या गोष्टीही सांगा, नुसत्या कौतुकाच्या नकोत.

आवाजाचं मात्र आजच बघा. माझ्या मनातून दादांचा चेहरा गेला नाही, आवाज लवकर पुसट झाला. व्हॉट्सॲपवरचे तुमच्या वडिलांचे व्हॉइस मेसेज चॅटमधून काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. त्यांचं व्हॉट्सॲप खातं १२० दिवस वापरलं गेलं नाही, तर ते साधारणपणे बंद होतं. गूगलचं खातं २ वर्षं कुणी उघडलं नाही, तर फोटोंसकट पुसलं जाऊ शकतं. जुन्या फोटोंमागे मऊ पेन्सिलीने नावं आणि साल लिहा. ही माहिती तुमच्या आईकडून घ्यायची असेल, तर पुढच्या सुट्टीची वाट बघू नका.

मुलगी "आजोबा कधी येणार?" असं पुन्हा पुन्हा विचारेल. या वयात मरण कायमचं असतं हे कळत नाही, म्हणून दरवेळी तेच उत्तर शांतपणे द्या. "झोपलेत" किंवा "गावाला गेलेत" असं सांगू नका. लहान मुलं मग झोपायलाच घाबरतात, नाहीतर दाराकडे बघत बसतात. आजोबा वारले, त्यांचं शरीर चालायचं थांबलं, ते आता परत येणार नाहीत, असं साध्या शब्दांत सांगा.

आणि हो, तिच्यासमोर रडू आलं तर खुशाल रडा. फक्त आजोबांची आठवण आली म्हणून रडतेय, एवढं तिला सांगा, नाहीतर आपलंच काहीतरी चुकलं असं तिला वाटेल. कदाचित तीच एखादी आठवण सांगायला लागेल. ती तिच्याच बोबड्या शब्दांत लिहून ठेवा, तपशील चुकले असले तरी दुरुस्त न करता.