चुंबक गाडी उचलत नाही : शॉकअपबद्दल तुमचे प्रश्न

‘मॅग्नेटिक सस्पेन्शन’ असं एका गाडीच्या माहितीत वाचलं. चुंबकामुळे गाडी अधांतरी तरंगते का? (नाशिक)

नाही हो. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग, या गाड्यांतसुद्धा. शॉकअपचं काम वेगळं. स्प्रिंग एकदा दबली की वरखाली नाचत बसते, तो नाच शॉकअप थांबवतो. आत तेल असतं, तेलात पिस्टन आणि पिस्टनला बारीक वाटा. त्या वाटांतून तेल रेटलं जाताना धक्क्याची ऊर्जा उष्णतेत जाते. खराब रस्त्यावरून तासभर गाडी हाकल्यावर शॉकअपला हात लावून बघा, गरम लागेल.

साध्या शॉकअपमध्ये या वाटा कारखान्यातच ठरून येतात. सैल ठेवल्या तर वळणावर गाडी कलते, आवळल्या तर प्रत्येक खड्डा मणक्याला कळतो. मॅग्नेटिक सस्पेन्शनमध्ये शक्कल अशी की वाट तीच ठेवून तेलच बदलायचं. या तेलात 1 ते 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे लोखंडाचे कण मिसळलेले असतात, तेही चिमूटभर नव्हे, आकारमानाने 20 ते 40 टक्के. पिस्टनमध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यात वीज सोडली की कण एकमेकांना धरून वाटेवर आडव्या साखळ्या करतात. शाळेत कागदाखाली चुंबक धरल्यावर लोहकीस कसा रांगा धरायचा, आठवतंय? तेच. या साखळ्या तोडल्याशिवाय तेल पुढे सरकत नाही. ते लोण्यासारखं घट्ट होतं. वीज जास्त तर घट्टपणा जास्त, वीज बंद केली की पुन्हा तेल.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट जाहिरातीत सहसा नसते. साध्या शॉकअपचा विरोध पिस्टनच्या वेगावर अवलंबून असतो. खड्ड्यात चाक झटक्यात आपटतं तेव्हा तो भरपूर विरोध करतो, पण वळणावर गाडी सावकाश कलते तेव्हा जवळपास गप्प. म्हणजे नको तिथे कडक, हवा तिथे मऊ. चुंबकी तेल पिस्टन हळू सरकत असतानाही जोर लावू शकतं. अशा गाडीत बसलेल्याला जो ठामपणा जाणवतो, त्याचं मोठं श्रेय याला आहे.

गाडीला खड्डा आधी कळतो का? (सोलापूर)

आधी नाही, चाक त्यात पडू लागल्यावर. चाक आणि बॉडी यांच्यातलं अंतर, स्टिअरिंगचा कोन, ब्रेक अशा गोष्टी सेन्सर सतत टिपतात आणि संगणक सेकंदाला 1000 वेळा हिशेब करू शकतो. प्रत्यक्ष तेल घट्ट व्हायला साधारण दहा मिलिसेकंद धरा. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात जेमतेम 17 सेंटिमीटर पुढे जाते, म्हणजे वीतभर. चाक खड्ड्याच्या पलीकडच्या कडेला आपटायच्या आत बरंच काही साधता येतं. मात्र हा शॉकअप फक्त अडवतो. स्वतःहून चाक वर खेचणं त्याच्या हातात नाही, त्यामुळे खोल खड्डा तो खोलच राहणार.

तेलात लोखंड म्हणजे गाळ बसणारच, शिवाय आतून घासही. हे टिकतं कसं? (कोल्हापूर)

नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलंत. कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संशोधन संस्थेत जेकब रॅबिनाव यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस असं तेल वापरून क्लच बनवला होता. गाडीच्या शॉकअपमध्ये ते यायला मात्र 2002 उजाडलं : डेल्फी कंपनीचं ‘मॅग्नेराइड’, कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये. पुढे कॉर्व्हेट, ऑडी टीटी, फेरारी 599 यांनी ते घेतलं.

मधली पन्नासेक वर्षं बऱ्याच अंशी तुमच्याच शंकांनी खाल्ली. लोखंड तेलापेक्षा नऊ-दहापट जड, ते खाली बसणारच. म्हणून गाळ दगडासारखा आवळून न बसता दोन हेलकाव्यांत पुन्हा मिसळेल, अशी द्रव्यं तेलात घातली गेली. कण घासून पिस्टन आणि सील खातात, तेव्हा पृष्ठभागांना टणक मुलामा आला. आणखी एक विचित्र रोग होता : वापरून वापरून, वीज नसतानाही तेल कायमचं दाट होत जायचं. जलद आणि स्वस्त इलेक्ट्रॉनिक्सचीही वाट पाहावी लागली, ते वेगळंच.

फेरोफ्लुइड म्हणतात ते हेच का? (पुणे)

नाही. फेरोफ्लुइड हाही चुंबकी कण मिसळलेला द्रव, पण त्यातले कण दहा नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे शेकडो पट बारीक. ते गाळासारखे बसत नाहीत, पण तेलाला असं घट्टही करू शकत नाहीत. स्पीकरच्या कॉइलभोवती फेरोफ्लुइड वापरतात.

माझ्या जुन्या हॅचबॅकला बसवता येईल? (छत्रपती संभाजीनगर)

नका त्या फंदात पडू. सेन्सर, संगणक, वायरिंग आणि त्या गाडीच्या वजनाप्रमाणे लिहिलेला प्रोग्राम, हे सगळं लागतं. त्यापेक्षा चारही शॉकअप आणि सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) नवे घाला; फरक जाणवेल आणि पैसेही वाचतील.

वायर तुटली तर गाडी रस्त्यात बसेल का? (ठाणे)

बसणार नाही, स्प्रिंग आहे ना. वीज गेली की तेल पातळ राहतं, शॉकअप मऊ पडतो, गाडी होडीसारखी डुलते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. वेग कमी ठेवा, वळणं सांभाळून घ्या आणि गॅरेज गाठा. शॉकअप गळत असेल तर साधं तेल भरून देणारा कोणी भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे निघा. त्यात कण नसतील तर चुंबक धरणार कशाला? अख्खा शॉकअपच बदलावा लागतो, आणि तो साध्यापेक्षा कित्येक पट महाग असतो.

गाड्यांखेरीज हे तेल कुठे वापरतात? (पणजी)

चीनमधल्या दोंगतिंग सरोवरावरच्या पुलाच्या केबल वारा-पावसात थरथरायच्या. त्यांना याच तेलाचे डॅम्पर, म्हणजे थरथर शमवणारे शॉकअप, लावले आहेत. आणि काही कृत्रिम पायांच्या गुडघ्यांतही हेच तेल असतं : पाऊल टेकलं की घट्ट, उचललं की सैल.