टांझानियातला किलिमांजारो डोंगर ५ दिवसात होतो का, की जास्त दिवस घ्यावेत?

होतो, पण करू नका. मारंगू रूटचं ५ दिवसांचं पॅकेज स्वस्त पडतं, झोपायला लाकडी हट्स पण मिळतात, म्हणून लोक तेच घेतात आणि मग वर डोकेदुखी आणि उलट्यांनी अर्ध्यातून परत फिरतात. शिखर ५८९५ मीटर आहे हो, आपलं कळसूबाई १६४६! चढाई टेक्निकल नाहीये, दोर वगैरे काही लागत नाही, खरा त्रास विरळ हवेचा. त्यामुळे मचामे रूट ७ दिवस नाहीतर लेमोशो रूट ८ दिवस घ्या, त्यात लाव्हा टॉवरला साधारण ४६०० पर्यंत चढवून झोपायला परत खाली ३९०० च्या आसपास बरांको कॅम्पला आणतात, शरीराला सवय होते ती तिथेच. शेवटची चढाई मध्यरात्री सुरू होते, थंडी उणे १० च्याही खाली जाऊ शकते, तेव्हा ग्लोव्हजवर पैसे वाचवू नका. एप्रिल-मे टाळा, पाऊस असतो. गाइड कंपल्सरी आहे, तो सारखं 'पोले पोले' म्हणेल म्हणजे हळूहळू, ऐका त्याचं. डायमॉक्सचं (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) मात्र डॉक्टरांना विचारूनच.