टॅक्रोलिमस आणि कॅन्सरची भीती: डोस स्वतःहून कमी करू नका

ताई, भावाला आईची किडनी बसवून आठ महिने झालेत आणि ‘या गोळ्यांनी कॅन्सर होतो’ हे वाचल्यापासून तो टॅक्रोलिमस (नवी किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) अर्धीच घ्यायची म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. आधी त्याला थांबवा, बाकीचं मग वाचा.

माझ्या किडनीला यंदा चौदा वर्षं होतील. दुसऱ्या वर्षी याच धास्तीने मी दहा-बारा दिवस गोळ्या चुकवल्या. क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढतं ते) १.२ वरून २.९ वर गेलं, बायोप्सी झाली, तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइड द्यावं लागलं. रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणं, आवरायला प्रतिकारशक्ती आणखी जोरात दाबावी लागते. म्हणजे ज्याला घाबरून गोळ्या टाळल्या, तेच मी वाढवून घेतलं.

भीती खोटी नाही. अमेरिकेत १९८७ ते २००८ या काळातल्या पावणेदोन लाख प्रत्यारोपणांचा अभ्यास झाला, त्यात कॅन्सरचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट निघालं. पण सगळेच कॅन्सर सारखे वाढत नाहीत. व्हायरसमुळे होणारे जास्त वाढतात, कारण अंगात दबून बसलेल्या व्हायरसवरचा पहारा सैल पडतो. एपस्टाइन-बार व्हायरसशी जोडलेला लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) पहिल्या वर्षात विशेष दिसतो. त्यामुळे मानेत, काखेत, जांघेत गाठ लागली, कारण न सापडणारा ताप राहिला किंवा वजन उतरलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. असा लिम्फोमा निघाला तर बऱ्याचदा डॉक्टरच आधी या गोळ्या कमी करतात, पण तपासण्यांवर नजर ठेवून.

त्वचेचा कॅन्सर गोऱ्या लोकांत कितीतरी पटींनी वाढतो, आपल्याकडे तेवढा दिसत नाही. तरी उन्हात टोपी, पूर्ण बाह्या हव्यातच, अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं आणखी एक औषध) चालू असेल तर नक्कीच. तंबाखू, मिश्री असेल तर आजच बंद. प्रत्यारोपण झालेल्या बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी चुकवू नये.

पहिल्या वर्षी रिजेक्शनचा धोका जास्त, म्हणून डोसही जास्त असतो. पुढे तो डॉक्टर हळूहळू उतरवतात. काहींना सिरोलिमस या त्याच कामाच्या दुसऱ्या गोळीवर नेतात, पण त्याने तोंड येतं, लघवीतून प्रोटीन जातं, म्हणून ते सगळ्यांना चालत नाही. पुढच्या भेटीत भावाला हेच विचारू दे: माझी लेव्हल (रक्तातलं टॅक्रोलिमसचं प्रमाण) किती हवी, आत्ता किती आहे, कधी उतरवणार? आणि लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं, गोळी सोबत न्यायची.