हायपरलूपचं काय झालं आणि मुलाला काय सांगू?

प्रश्न : सर नमस्कार, मी वाकडला राहते, नोकरीसाठी आठवड्यातून तीनदा मुंबई. २०१८ ला हायपरलूपचा, म्हणजे हवा काढलेल्या नळीतून पळणाऱ्या गाडीचा, करार झाला तेव्हा पेपरात २५ मिनिटांत पुणे-मुंबई वाचून आम्ही घरात पेढे वाटायचेच बाकी होतो. मुलगा आता अकरावीला आहे, त्याला हायपरलूपमध्येच करिअर करायचंय. हे कधी होणार आहे का, त्याला काय सांगू?

उत्तर : ताई, ज्या कंपनीशी तो करार होता ती २०२३ च्या शेवटी बंद पडली, त्यामुळे त्या २५ मिनिटांची वाट बघू नका. त्यांनी काहीच केलं नाही असं मात्र नाही हां. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात ५०० मीटरच्या नळीत खरी माणसं बसवून पॉड, म्हणजे हायपरलूपचा छोटा डबा, पळवला, दुसऱ्या फेरीत तर आपल्या पुण्याचाच एक इंजिनिअर बसला होता.

पण मी सिग्नलच्या कामात बरीच वर्षं काढली, त्यामुळे नवीन गाडी आली की मी पहिलं विचारतो, तासाला माणसं किती नेणार? हायपरलूपच्या २०१३ च्या मूळ आराखड्यात एका पॉडला २८ माणसं होती आणि गर्दीच्या वेळी दर ३० सेकंदाला एक पॉड. गुणाकार करा, तासाला ३३६०. आपली सकाळची एक खच्चून भरलेली बारा डब्यांची लोकल चार हजारांवर माणसं नेते, एकच गाडी! आणि ताशी १००० किमीवरून पोटातलं पाणी हलणार नाही अशा बेताने ब्रेक लावला, म्हणजे सेकंदाला ताशी ३.६ किमी वेग कमी करत आणला, तर थांबायला साडेचार मिनिटं आणि ३८ किमी लागतात, म्हणजे सीएसएमटी ते ठाण्यापेक्षा जास्त. ३० सेकंदांत पुढचा पॉड जेमतेम ८ किमी पुढे गेलेला असतो. आता तो मध्येच अडकला तर?

मला खरी आशा वाटते ती सीबीटीसी सिग्नलची, म्हणजे रेडिओवर चालणाऱ्या सिग्नलची. लोकल दादरच्या बाहेर उगाच उभी असते ना, पुढची गाडी हललेली दिसते तरी आपला सिग्नल लालच, कारण तिची शेपूट अख्ख्या ब्लॉकमधून, म्हणजे दोन सिग्नलमधल्या पट्ट्यातून, बाहेर पडेपर्यंत तो सुटतच नाही. सीबीटीसीमध्ये प्रत्येक गाडी रेडिओवरून सतत सांगत राहते की मी इथे आहे, एवढ्या स्पीडला आहे, आणि मागची गाडी ब्रेक लावून थांबता येईल तेवढंच अंतर ठेवून पुढे सरकत राहते. लंडनच्या भुयारी रेल्वेची व्हिक्टोरिया लाइन १९६८ ची आहे, बोगदे तेच, पण रेडिओवरच्याच, जरा वेगळ्या पद्धतीच्या नव्या सिग्नलवर २०१७ पासून गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या धावतात, दर १०० सेकंदाला एक. बोगदा न वाढवता! आपल्याकडे लोकलसाठीही हे एमयूटीपी ३ए मध्ये, म्हणजे मुंबईची लोकल सुधारायच्या सरकारी योजनेत, २०१९ ला मंजूर झालं होतं आणि ते लवकर व्हावं असं मला मनापासून वाटतं, कारण दाराला लटकणाऱ्या माणसाला स्पीड नको असतो, त्याला मागची गाडी लगेच हवी असते.

मुलाचा उत्साह मात्र अजिबात मोडू नका. आयआयटी मद्रासच्या पोरांनी चेन्नईजवळ ४०० मीटरहून जास्त लांबीचा हायपरलूप ट्रॅक उभा केलाय, तो शिकायला उत्तम. पण त्याला कंट्रोल, रेडिओ कम्युनिकेशन, ब्रेकिंग असे विषय पक्के करायला सांगा, ते पॉडलाही लागतात आणि लोकललाही. आणि पुढच्या वेळी मुंबईला येताना त्याला घेऊन या, बीकेसीला मेट्रो ३ च्या प्लॅटफॉर्मवर दहा मिनिटं नुसतं उभं करा. गाडीची दारं दर वेळी काचेच्या दारांसमोर बरोब्बर येऊन थांबतात, ते कसं जमतं हे त्यालाच शोधून काढू दे आणि मला कळवा.