राइड-ऑन मोवरचा ड्राइव्ह बेल्ट सारखा तुटतोय; दोष बेल्टचा की मशीनचा?

प्रश्न: महाप्याच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्याच्या आवारात सेकंडहँड राइड-ऑन मोवर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन आहे. जून लागल्यापासून त्याचे तीन ड्राइव्ह बेल्ट गेले. दुकानदार म्हणतो पावसाळ्यात असंच होतं, माळी म्हणतो माल डुप्लिकेट येतो. नेमकं कुठे बघायचं?

उत्तर: चौथा बेल्ट आणायच्या आधी तिसरा शोधून आणा. कचऱ्यात असला तरी उपसून काढा. रबाळ्याला माझ्याकडे गवत कापायची मशीन दुरुस्तीला येतात तेव्हा मी आधी तुटलेला बेल्ट मागतो, आणि लोक हमखास म्हणतात, "तो तर फेकून दिला." मग शोधाशोधीत वेळ जातो आणि त्याची मजुरी तुमच्याच बिलात लागते.

बाजारात डुप्लिकेट माल असतो, नाही असं नाही. पण ओळीने तीन बेल्ट गेले, तर मशीनमधलंच काहीतरी त्यांना खातंय असं धरून चाला. हा व्ही-बेल्ट असतो, म्हणजे व्ही आकाराचा, खाली निमुळता. तो पुलीच्या खाचेत दोन्ही अंगांनी घट्ट बसून ओढतो, तळाला टेकत नाही. हे लक्षात ठेवून तुकडा उजेडात धरा. दोन्ही अंगं तुकतुकीत आणि कडक झाली असतील तर बेल्ट घसरत होता. एकाच जागी जळून खड्डा पडला असेल तर पुली फिरत राहिली आणि बेल्ट जागच्या जागी अडकला, म्हणजे पुढे गिअरबॉक्स, चाक किंवा ब्रेक धरून ठेवतोय. एकाच कडेचे दोरे सुटले असतील तर पुली लाइनीत नाही, किंवा बसवताना कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून बेल्ट उचकटून चढवलाय. असा उचकटलेला बेल्ट वरून नवाकोरा दिसतो, आतले दोरे मात्र तुटलेले असतात आणि थोड्याच दिवसांत तो एका झटक्यात जातो. तळ घासून चकाकत असेल तर पुलीची खाच झिजून रुंद झालीय. अशा पुलीवर कितीही महाग बेल्ट घाला, तो टिकणार नाही. आणि बेल्ट फुगून चिकट झाला असेल तर वर इंजिनाकडे बघा. उभ्या शाफ्टच्या इंजिनात ऑइल सील बरोबर पुलीच्या डोक्यावर असतं. ते गळायला लागलं की ऑइल थेट बेल्टवर येतं.

यानंतर मशीन. चावी काढा, प्लगची टोपी काढून बाजूला बांधा, मगच खाली हात घाला. हे माळ्यालाही बजावून सांगा.

मी सर्वांत जास्त वेळ आयडलर पुलीवर, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या मोकळ्या पुलीवर घालवतो, कारण बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. बेल्ट उतरवा आणि आयडलर बोटाने फिरवा. चांगलं बेअरिंग आवाज न करता फिरतं आणि हळूहळू थांबतं. खरखर लागली, मध्येच अडखळलं किंवा पुली वर-खाली डुलली की ते बेअरिंग संपलं. बेल्ट चढलेला असताना यातलं काही कळत नाही, म्हणून तो उतरवूनच बघायचं. या पुल्यांमध्ये बऱ्याचदा ६२०३ नंबरचं बेअरिंग असतं, १७ मिमी भोकाचं आणि ४० मिमी बाहेरचं, तरी जुन्यावरचा नंबर वाचूनच नवं घ्या. दोन्ही बाजूंनी रबर सीलचं घ्या. उघड्या बेअरिंगमध्ये पावसाळ्यात चिखलाचं पाणी शिरतं आणि ग्रीस धुऊन निघतं. जाम आयडलर बेल्टला पाठीवरून घासत तापवतो. बेल्टवाल्यांचा जुना ठोकताळा आहे की तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की बेल्टचं आयुष्य निम्म्यावर येतं.

आयडलर ओढून धरणारी स्प्रिंगही काढून हातात घ्या. मोकळी असताना तिचे वेढे एकमेकांना चिकटलेले हवेत. वेढ्यांमध्ये फट दिसली तर स्प्रिंग ताणून गेलीय, बदला. ती वाकवून किंवा आकडा पुढच्या भोकात अडकवून ताण वाढवायचा उद्योग करू नका, त्याने बेअरिंग जातं. बेल्ट घसरतोय म्हणून त्यावर स्प्रे मारणारेही भेटतात. त्याने आवाज दोन दिवस थांबतो, वर धूळ आणि गवत मात्र चिकटून बसतं.

आता आपल्याकडचा खास विषय, गंज. ठाण्याची खाडी जवळ, हवा खारट, त्यात मशीन पत्र्याच्या शेडमध्ये ओलंच उभं. पत्र्याच्या पुलीच्या खाचेत गंजाची खरबरीत साय धरते आणि पहिल्याच फेरीत बेल्टची अंगं कानशीने घासल्यासारखी निघतात. खाचेत बोट फिरवून बघा, खरबरीत लागलं तर बारीक पॉलिश पेपर मारून गुळगुळीत करा. मात्र खड्डे पडले असतील किंवा कडा धारदार झाली असेल तर पुलीच बदला.

लाइन बघायला एक सूत पुरतं. इंजिनाच्या पुलीपासून गिअरबॉक्सच्या पुलीपर्यंत ते ताणून धरा, दोन्ही पुल्यांच्या कडांना नीट टेकलं पाहिजे. कडांची जाडी वेगळी असेल तर खाचेच्या मध्यापासून मोजा. फरक अर्ध्या अंशाच्या आत हवा, म्हणजे ३०० मिमी अंतराला अडीच मिमीच्या आसपास. सेकंडहँड मशीन आधीच्या मालकाने कधीतरी कर्बवर आपटलेलं असतं आणि आयडलरचं ब्रॅकेट किंचित वाकलेलं असतं, नुसत्या डोळ्याला दिसत नाही. बेल्ट खाचेतून उडू नये म्हणून पुलीजवळ पिना असतात, त्याही तपासा. वाकून बेल्टला घासत असतील तर तिथे रबराची काळी भुकटी साचलेली दिसते.

तरीही तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय बेल्टच्या नंबरावर आहे. आपल्याकडे ए सेक्शनच्या, म्हणजे ए मापाच्या रुंदीच्या बेल्टवरचा आकडा आतली लांबी इंचात सांगतो. मोवरच्या बेल्टवर बरेचदा ४एल४०० अशा पद्धतीचा नंबर असतो आणि त्यातले ४० इंच बाहेरून मोजलेले असतात. हे माहीत नसलेला दुकानदार ४० वाचून ए-४० काढून देतो. तो सुमारे दोन इंच लांब पडतो, कारण ४एल४००च्या जवळपास लांबीचा बेल्ट ए-३८ आहे. एवढा ढिलेपणा स्प्रिंग भरून काढू शकत नाही, मग बेल्ट घसरतो आणि जळतो. आणि लांबी जुळली म्हणून काम भागलं असंही नाही. पुष्कळ राइड-ऑनमध्ये पेडल दाबलं की बेल्ट ढिला पडतो, सोडलं की ताणला जातो, म्हणजे क्लचचं काम बेल्टच करतो. पिठाच्या गिरणीचा पॉलिस्टरच्या दोऱ्यांचा साधा बेल्ट हे झटके फार दिवस सोसत नाही. केव्लारचे (फार मजबूत कृत्रिम धाग्याचे) दोरे आणि वरून कापडी वेष्टण असलेला बेल्ट मागा. महाग पडेल, पण घ्या.

पावसाचं म्हणाल तर दुकानदार अगदीच चूक नाही. ओलं गवत बेल्टच्या कव्हरखाली दाबून दाबून गोवरीसारखं घट्ट बसतं, पुलीच्या खाचेतही भरतं, मग बेल्ट वर चढतो आणि उलटा होतो. प्रत्येक वापरानंतर कव्हर काढून ते खरवडायला लावा. प्रेशरचं पाणी बेअरिंगवर मारू देऊ नका. जुलैत गुडघाभर वाढलेलं रान एका फेरीत कापायचा हट्टही नको. एका वेळी उंचीचा एक तृतीयांश भाग कापा, शक्यतो ऊन पडल्यावर. पेडल झटक्यात सोडायची सवय असेल तर तीही मोडा.

आणि ब्रेक. पार्किंग ब्रेक सोडून मशीन न्यूट्रलमध्ये ढकलून बघा. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं असेल तर चाकं मोकळी करणारा मागचा बायपास दांडा आधी ओढावा लागतो. सपाट जमिनीवर एका माणसाला जड जात असेल तर ब्रेक धरतोय, आणि बेल्ट दिवसभर त्याच्याशी झुंजतोय.

तिसऱ्या बेल्टच्या दोन्ही अंगांचा, तळाचा आणि त्यावरच्या नंबराचा फोटो टाका. नंबर पुसला असेल तर त्याच्या बाहेरून सूत फिरवून लांबी मोजा आणि वरची रुंदी मिमीमध्ये लिहा. बेल्ट ताणलेला असणार हे धरून कोणता मागवायचा ते सांगतो.