सेन्सर बदलला तरी चेक इंजिन लाइट परत का लागते? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

यावेळचे बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, मीटरवरची ती पिवळी इंजिनच्या आकाराची लाइट. १ एप्रिल २०२० नंतर प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला, जवळजवळ सगळ्या बाइक फ्युएल इंजेक्शनवर गेल्या आणि ही लाइट घरोघरी पोचली. सोबत एक वाईट सवयही आली, स्कॅनरवर दिसणाऱ्या फॉल्ट कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव आलं तो लगेच नवा घेऊन टाकायचा. लोकांचे पैसे फुकट जातात म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न : दादा, माझी १६० सीसी बाइक, २०२१ चं मॉडेल. स्कॅनरवर पी ०१३१ कोड येतो, ऑक्सिजन सेन्सर दोनदा बदलून झाला, दर वेळी शेदोनशे किलोमीटर चालली की लाइट परत हजर. आता तिसरा टाकू का?

नका टाकू. पी ०१३१ म्हणजे "सेन्सर खराब" असं नाही, त्याचा अर्थ एवढाच की ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटमधून ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, व्होल्टेज फार कमी मिळतंय, आता ते कमी का मिळतंय हे शोधायचं काम आपलं. हा सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे वरखाली होत असतो, धुरात ऑक्सिजन जास्त सापडला की व्होल्टेज खाली आणि पेट्रोल जास्त असलं की वर. म्हणजे सतत खाली असेल तर एक तर मिक्श्चर खरंच लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे, नाहीतर बाहेरची हवा आत शिरतेय, नाहीतर सिग्नलची वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय.

सगळ्यात आधी इंजिनचं हेड आणि तिथून सायलेन्सरकडे जाणारा बेंड पाइप यांच्या जॉइंटचं गॅस्केट बघा. तिथे बारीक लीक असेल तर धूर बाहेर येतोच, पण दोन झटक्यांच्या मधे बाहेरची हवा आतही ओढली जाते आणि सेन्सरला वाटतं मिक्श्चर लीन आहे. ओळखायचं कसं, तर सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर टिकटिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो, जॉइंटपाशी काळा डाग दिसतो. इंजिन थंड असताना चालू करून लगेच साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे येतात. गॅस्केट स्वस्तातलं असतं, सायलेन्सर जितक्या वेळा काढाल तितक्या वेळा नवं टाका.

आणि हे नक्की विचारा, मेकॅनिकने त्या जॉइंटला सिलिकॉनची ट्यूब लावली होती का? बरेच जण लावतात. सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोकावर जाऊन बसते आणि चांगला नवा सेन्सरही काही दिवसांत मरतो. तुमचं दोनदा झालंय म्हणून मला हा संशय जास्त आहे.

मग वायर. सेन्सरपासून कनेक्टरपर्यंत बोट फिरवत जा, पाइपला चिकटून इन्सुलेशन वितळलंय का, टाय तुटलाय का. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही सापडतात, पार्किंगमध्ये बाइक बरेच दिवस उभी असेल तर हमखास. बाहेरचा सायलेन्सर बसवला असेल तर आधी कंपनीचा परत लावून बघा, नाहीतर शोधाशोध चुकीच्याच दिशेने होत राहील. एवढं सगळं नीट निघालं तर एअर फिल्टरच्या पुढचा इनटेकचा रबरी बूट चिरलाय का आणि फ्युएल पंपाचं प्रेशर पुरतंय का ते बघायला सांगा. सेन्सर सगळ्यात शेवटी.

प्रश्न : चिपळूणला राहतो. पाऊस लागला की लाइट लागते, दोन दिवस ऊन पडलं की जाते. कधी टीपीएसचा कोड तर कधी मॅपचा. दोन्ही सेन्सर एकदम कसे जातील?

जात नाहीतच, तुमचा संशय बरोबर आहे. टीपीएस म्हणजे थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा सेन्सर, मॅप म्हणजे इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा. या दोन्ही सेन्सरना ईसीयूकडून ५ व्होल्टचा सप्लाय येतो आणि बहुतेक बाइकमध्ये ती लाइन आणि तिची अर्थिंग एकच असते. त्यामुळे पी ०१०७ (मॅप) आणि पी ०१२२ (टीपीएस) असे दोन "लो" वाले कोड आलटून पालटून किंवा सोबत आले की दोघांत जे कॉमन आहे ते धरायचं. कोकणातला पाऊस आणि त्यात वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा, कनेक्टरच्या सीलमधून पाणी आत गेलं की पिना हिरव्या पडतात.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, थ्रॉटल बॉडीजवळचे कनेक्टर सोडवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या, मग सीलला डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून खट् असा आवाज येईपर्यंत बसवा. पिना सँडपेपरने घासू नका, वरचा मुलामा गेला की पुढच्या पावसात अजून लवकर गंजतात. फ्रेमला जिथे अर्थिंगचा बोल्ट आहे तोही काढून साफ करा. मग इंजिन आयडलला ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा आणि वायरिंगचा गठ्ठा हलवून बघा, आरपीएम चुकला की जागा सापडली.

प्रश्न : बॅटरीची वायर काढून लावली की लाइट जाते. हाच उपाय चालू ठेवला तर काय बिघडतं?

फॉल्ट तिथेच राहतो आणि पुरावा तेवढा जातो. बऱ्याच बाइकवर तर कोड असा पुसलाही जात नाही. खरं दुरुस्त झालं असेल तर सलग तीन ड्रायव्हिंग सायकलमध्ये (बाइक चालू करून, चालवून, बंद करणं म्हणजे एक सायकल) फॉल्ट न दिसल्यावर लाइट आपली आपण विझते. काहीही करण्याआधी कोडचा फोटो काढून ठेवा.

प्रश्न : ट्रॅफिकमध्ये अर्धा तास चाललं की बाइक एकदम बंद पडते, लाइट लागते, पंधरा वीस मिनिटांनी परत चालू. शोरूमला नेली की थंड असते, ते म्हणतात काही प्रॉब्लेम नाही. पुढच्या आठवड्यात साताऱ्याहून गोव्याला जायचंय, जाऊ का?

या बाइकवर नका जाऊ, घाटात बंद पडली तर मागून येणाऱ्या ट्रकला कळणारही नाही. लक्षणं क्रँक पोझिशन सेन्सरची वाटतात, गॅरेजमध्ये ज्याला पल्सर कॉइल किंवा पिकअप कॉइल म्हणतात तो. आतली बारीक तार गरम झाल्यावर फुगते, तुटलेल्या जागी संपर्क सुटतो, मग ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, स्पार्क बंद आणि इंजेक्टरही बंद. पी ०३३५ कोड मेमरीत असेल तर संशय पक्का, पण वर सांगितलं तसं इथेही आधी कनेक्टर आणि वायर. मग थंड असताना मल्टिमीटरने रेझिस्टन्स घ्या, हेअर ड्रायरने सेन्सर तापवा, परत घ्या, गरम झाल्यावर मीटर एकदम ओपन (तार तुटलेली) दाखवत असेल तर हा सेन्सर मात्र बदलायचाच. शोरूमवाल्यांना सांगा, बाइक बंद पडेपर्यंत चालवून बघा आणि स्कॅन तेव्हाच करा.

बाकीच्यांसाठी, लाइट स्थिर आहे, पिकअप नॉर्मल आहे, तर हळू चालवत गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही. झटके देत असेल तर थांबा, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो पार्ट फार महाग आहे. आणि ऑइलची लाल लाइट ही वेगळी गोष्ट, ती चालू इंजिनवर लागली तर त्याच सेकंदाला इंजिन बंद.

प्रश्न : ऑनलाइन मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर घेऊ का?

एप्रिल २०२३ नंतरची बाइक असेल तर बघायला हरकत नाही, सहा पिनचा अडॅप्टर वेगळा लागेल. पण आधी तुमच्याच मॉडेलवर कोणी चालवलाय का ते विचारा, स्कॅनरशी बोलायच्या पद्धती वेगळ्या असतात, काही बाइक के-लाइनवर बोलतात काही कॅनवर, आणि स्वस्तातले स्कॅनर सगळ्यांशी जुळत नाहीत. बऱ्याच जुन्या बीएस-६ बाइकवर लाइट लुकलुकूनच कोड सांगते, लांब ब्लिंक म्हणजे दहा आणि छोटी म्हणजे एक, म्हणजे एक लांब दोन छोट्या झाल्या तर बारा नंबर. तुमच्या बाइकला ती सोय आहे का आणि तो नंबर कशाचा हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडेल, दर कंपनीची यादी वेगळी असते त्यामुळे मित्राच्या बाइकची यादी वापरू नका.